गॅरेजात आली की चालते : प्रस्तावना

या पुस्तकात इंजिन खोलायला शिकवलेलं नाही. हेड कसं उतरवायचं, रिंगा कशा चढवायच्या, क्लचप्लेट कशी बदलायची हे आदिलाबादच्या कुठल्याही गॅरेजात दोन-तीन वर्षं हात काळे केलेल्या पोराला येतं, आणि ते पुस्तक वाचून यायचं कामही नाही. हे पुस्तक एकाच तक्रारीवर आहे. पिकअप चालता चालता बंद पडते, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होते, आणि मेस्त्रीसमोर आणून उभी केली की काहीच झालं नसल्यासारखी दिवसभर चालते. कधी त्याच्या जोडीला मीटरवरचे दिवे लुकलुकतात, काटे नाचतात, हॉर्न दाबला की इंडिकेटर मंदावतो.

कायमचा बिघाड सोपा असतो. वायर तुटली असेल तर ती तुटलेलीच सापडते. मध्येच येणाऱ्या आणि मध्येच जाणाऱ्या बिघाडात मेस्त्रीच्या हाती काहीच पुरावा नसतो. त्याला वाटतं, गिऱ्हाईक वाढवून सांगतंय. गिऱ्हाइकाला वाटतं, याला काही कळत नाही. मग दोघांच्या समाधानासाठी पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी डिझेल फिल्टर, मग बॅटरी, मग एखादा सेन्सर, शेवटी पंपाकडे बोट. चौथ्या पार्टनंतर गाडी नीट चालली तर चौथा पार्ट गुन्हेगार ठरतो. प्रत्यक्षात तो बसवताना शेजारचा ढिला कपलर काढून पुन्हा घट्ट दाबला गेलेला असतो, आणि खरी दुरुस्ती तीच असते. जुना पार्ट भंगारात जातो, नवीन पार्टाचं बिल मालकाच्या खिशात, आणि बिघाडाचं कारण कुणालाच कळत नाही. तीन महिन्यांनी कपलर पुन्हा ढिला होतो.

आदिलाबादेत हा विषय जरा जास्तच जाचतो. जुन्या जिल्ह्याचे 2016 मध्ये चार तुकडे झाले आणि उरला तो पैनगंगेच्या अलीकडचा हा वरचा पट्टा: बेला, जैनथ, तांसीपासून बोथ, इच्चोडा, उटनूरपर्यंत. काळी जमीन, कापूस, सोयाबीन. हायवेवर एमएच 29, एमएच 26, एमएच 34 आणि इकडची 01 या सगळ्या पाट्या एकाच रांगेत दिसतात, कारण यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर आणि आदिलाबाद यांच्यातली सीमा नकाशावर ठळक असली तरी सोयरिकीत आणि मालवाहतुकीत फारशी नाही. इथला मेस्त्री पार्टाचं नाव इंग्रजीत घेतो, शिवी दखनीत देतो, गिऱ्हाईक पाहून तेलुगू किंवा मराठी बोलतो. कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक मात्र यातल्या फक्त पहिल्याच भाषेत मिळतं.

हवामानही मदत करत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि थंडीत तेलंगणातली सगळ्यात कमी तापमानं ज्या गावांत नोंदली जातात त्यांत आदिलाबादची गावं नेहमीची. एकाच वायरीला वर्षात ही दोन्ही टोकं सोसावी लागतात. प्लॅस्टिकचं वेष्टन उन्हानं कडक होतं, थंडीत तडकतं, पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. बाहेरून टेप तशीच काळी कुळकुळीत.

आणि कापसाचा हंगाम. मार्केट यार्डात सीसीआयची, म्हणजे कापूस महामंडळाची, खरेदी सुरू झाली की पिकअप रांगेत लागतात. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण हमीभाव, 12 च्या वर गेला तर माल परत. त्यामुळे दव पडण्याआधी नंबर लागावा म्हणून प्रत्येकाची घाई, आणि नंबर लागेपर्यंत रात्र रांगेतच. गाडी दोन हात पुढे घ्यायची, बंद करायची, पुन्हा सेल्फ मारायचा. सकाळी बॅटरी बसली की ड्रायव्हर सेल्फला दोष देतो. पण हिशोब करून पाहावा. सेल्फ 200 अँपिअर ओढतो, पण तीन सेकंदच; एका वेळेला खर्च 0.17 अँपिअर-तास. चाळीस वेळा मारला तरी सातच्या आत. उलट टेप, केबिनचा दिवा आणि दोन मोबाइल चार्जर मिळून 4 अँपिअर ओढत असतील, तर आठ तासांत 32 अँपिअर-तास गेले. पिकअपची बॅटरी साधारण साठ-सत्तरची. म्हणजे रात्रभराच्या गाण्यांनी अर्धी बॅटरी पिऊन टाकली. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला पुस अमावस्येच्या थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचंही हेच. ही गोष्ट ड्रायव्हरला पटवून देणं अवघड आहे, कारण सेल्फचा आवाज मोठा असतो आणि टेपचा खर्च दिसत नाही.

पूर्वी बसलेल्या बॅटरीनं चालती गाडी बंद पडत नसे. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला एकदा धक्का मारून सुरू केलं की विजेचं फारसं कामच उरत नसे. डिझेल तोडणारा सोलेनॉइड उघडा राहिला म्हणजे झालं. 2005 मध्ये आलेला दोन सिलिंडरचा, 702 सीसीचा छोटा हत्ती याच जातीचा होता. त्या काळात वाढलेल्या मेस्त्रीच्या डोक्यात 'डिझेल गाडी बंद पडली म्हणजे डिझेल पोचत नाही' हे पक्कं बसलं आहे, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. 2017 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-4 आणि 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 सक्तीचं झालं, आणि चित्र पालटलं. आता कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारपेक्षाही जास्त दाबानं डिझेल तयार असतं, पण ते कोणत्या क्षणी कोणत्या सिलिंडरमध्ये सोडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. ईसीएमला ते ठरवायला क्रँकची जागा कळावी लागते. ती सांगणारा सेन्सर अंगठ्याएवढा, वायरी दोन-तीन, आणि त्या वायरी गरम इंजिनाला घासून गेलेल्या. तिथला सिग्नल क्षणभर तुटला तर टाकी भरलेली, फिल्टर नवा, पंप ठणठणीत, तरी गाडी रस्त्याच्या मध्यावर थंड.

म्हणून या पुस्तकाचा पहिला आणि सगळ्यात मोठा भाग पान्याला हात लावण्याआधीचा आहे. ड्रायव्हरला काय विचारायचं, आणि तो जे सांगतो त्यातून काय काढायचं. वानगीदाखल एक संवाद इथेच देतो.

"बंद पडली तवा लाइट चालू होते का?"

"हो भाऊ, लाइट तसेच होते."

"आरपीएमचा काटा?"

"तो त झटकन खाली आला. गाडी पयत होती अजून, गेरात, पन काटा झिरोवर."

"मंग कितीक वेळानं चालू झाली?"

"च्या पिऊन आलो तवरिक झाली."

चार वाक्यांत अर्धं काम झालं. लाइट तसेच होते, म्हणजे बॅटरीपासूनचा मुख्य पुरवठा शाबूत. गाडी गिअरमध्ये पळत होती, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. तरी काटा शून्यावर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला दिसत नव्हतं. चहा होईपर्यंत थंड झाल्यावर सुरू झाली. आता संशय क्रँक सेन्सरवर आणि त्याच्या वायरीवर येतो, डिझेलवर नाही. काटा इंजिनाबरोबर हळूहळू, हुचके देत खाली आला असता तर संशय उलट दिशेला गेला असता. लाइटसकट सगळं एकदम गेलं असतं तर आधी बॅटरीची टर्मिनलं, मुख्य फ्यूज आणि किल्लीचा स्विच.

एक गोष्ट ड्रायव्हर हमखास सांगतात: "बॅटरीचा लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली." इथे क्रम विचारला पाहिजे. किल्ली चालू ठेवून कोणतंही इंजिन थांबलं की बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागणारच, तो बिघाड नव्हे. दिवा आधी लागून गाडी मागाहून, बरंच अंतर चालून बंद पडली असेल तरच डायनामोकडे जायचं. या एका प्रश्नाच्या अभावी किती डायनामो उगाच बदलले जातात!

गरम झाल्यावर तुटणारा सेन्सर पकडणं अवघड नाही, फक्त वेळेवर पकडावा लागतो. आतल्या गुंडाळीची केसासारखी तार गरम होऊन ताणली की तुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच कपलर काढून रोध मोजायचा. थंड असताना जो आठ-नऊशे ओहम दाखवतो तो गरम असताना अनंत दाखवू लागला तर चर्चा संपली. मीटर नसेल तर सेन्सरवर ओलं फडकं धरून पाहायचं. लगेच सुरू झाली तर तेच उत्तर. मात्र तीन वायरींचे हॉल जातीचे सेन्सर ओहममध्ये मोजायचे नसतात, त्यांचा पुरवठा आणि सिग्नल पाहायचा असतो. हा फरक न कळल्यामुळे चांगले सेन्सर खराब ठरवले जातात.

आता अर्थिंग. पुस्तकात याला स्वतंत्र प्रकरण आहे आणि मला विचाराल तर तेवढं एक वाचलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीला, चॅसीपासून इंजिनाला आणि केबिनला जाणाऱ्या पट्ट्या चिखलाच्या, पाण्याच्या आणि रंगाच्या माऱ्यात असतात. बोल्टखाली गंज धरला की तिथे रोध तयार होतो, अगदी थोडा, 0.01 ओहम. मीटरवर तो शून्यच दिसतो. पण 200 अँपिअर त्यातून गेले की 2 व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि 12 व्होल्टच्या व्यवहारात 2 व्होल्ट म्हणजे दिवाळं. म्हणून ओहम मोजायचे नाहीत, भार असताना व्होल्ट मोजायचे. मीटरची एक टोचणी इंजिनाच्या ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे. कुणीतरी सेल्फ मारायचा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेलं की पट्टी काढा, घासा, घट्ट करा. पाच मिनिटांचं काम, पार्टाचा खर्च शून्य. इंजिनाची पट्टी साफ तुटली असेल तर सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागते, कधी तिच्यातून धूर येतो. असली केबल बदलून देणारे मेस्त्री आहेत. पुढच्या महिन्यात ती पुन्हा जळते.

मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे सांगायला मीटरवाल्यांना आवडत नाही. सात तारांच्या वायरीतल्या सहा तुटल्या आणि एकच टेकून राहिली तरी मीटर 12 व्होल्टच दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याच जागी 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि त्या अर्धवट टेकलेल्या तारेवर मंद पेटतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बनं हजारोंच्या मीटरला खोटं पाडल्याचं पाहायला मजा येते. सेन्सरच्या आणि ईसीएमच्या वायरींना मात्र हा बल्ब कधीही लावायचा नाही. तिथे तो फायद्याऐवजी नुकसान करेल.

डिझेलकडचा बिघाड विजेच्या बिघाडाचं सोंग घेतो, हे मात्र विसरू नये. टाकीत साचलेला कचरा ओढून जाळीवर बसतो, पुरवठा तुटतो, गाडी थांबते. ओढ थांबली की कचरा खाली बसतो आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू. ड्रायव्हरच्या तोंडून ही तक्रार आणि गरम सेन्सरची तक्रार अक्षरशः एकच येते. निर्मळकडे महबूब घाटात भरल्या गाडीला चढावर हे जास्त होतं. फरक काट्यात आणि हुचक्यांत असतो, म्हणून वरचा प्रश्न.

स्कॅनर आता तालुक्याच्या गावीही पोचला आहे, पण त्यानं नवीन अंधश्रद्धाही आणली आहे. पडद्यावर पी 0335 आलं म्हणजे 'क्रँक सेन्सर खराब' असं नसतं. तो कोड फक्त त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग आणि ईसीएम सगळे आले. पी 0087 म्हणजे रेलमधला दाब कमी. तो फिल्टरनं, हवा शिरल्यानं, पंपानं किंवा गळक्या इंजेक्टरनं होऊ शकतो. कोड आले की आधी वहीत उतरवायचे, मगच पुसायचे. बॅटरी काढली की काही गाड्यांत ही नोंद जाते, आणि आपल्याकडे गाडी गॅरेजात आली की पहिलं काम बॅटरी काढण्याचं.

हे आपल्याच मागास मुलखाचं रडगाणं आहे असं वाचकानं समजू नये. विमानांच्या देखभालीतही 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून सुटे भाग परत येतात आणि त्यावर मोठा पैसा जातो. सगळ्यात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं. जनरल मोटर्सच्या काही मोटारींत किल्लीचा स्विच इतका हलका होता की गाडी दणकली किंवा किल्लीला जड जुडगा लटकला, तर तो चालूवरून मागे सरके. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीनं साधारण 2006 च्या सुमाराला आतला भाग बदलला, पण पार्टाचा नंबर तोच ठेवला, म्हणून तपास करणाऱ्यांना नव्या-जुन्यातला फरक वर्षानुवर्षं दिसला नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं 124 मृत्यू मान्य केले. आपल्या पिकअपची किल्ली पाहा: गोदामाच्या चार चाव्या, देवाची पितळी अंगठी, वर पेनड्राइव्ह. गाडी खड्ड्यात आदळल्यावरच बंद पडते अशी तक्रार आली की आधी जुडगा उतरवून दोन दिवस चालवायला सांगावं.

मग आपले स्वतःचे उद्योग. हॉर्न, जादा लाइट, गाण्यांचे बॉक्स, वायर सोलून टेप मारून जोडलेले. कर्जाच्या गाडीला बसवलेला ट्रॅकर, ज्यात काही वेळा इग्निशन तोडणारा रिले असतो. तो रिले किंवा त्याचा जोड ढिला झाला की गाडी बंद, आणि तो जोड कुठल्याच कंपनीच्या नकाशात सापडत नाही. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या गोदामाशेजारी उभ्या गाडीत उंदीर. आणि बॅटरी न काढता बॉडीला मारलेलं वेल्डिंग, ज्याचा करंट ईसीएममधून वाट काढतो. वेल्डिंगवाल्याला हे माहीत नसतं. मालकाला माहीत असतं, पण घाई असते.

या सगळ्यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो गॅरेजच्या गल्ल्यावर जाऊन आदळतो. आपल्याकडे पार्ट बसवण्याचे पैसे मिळतात, बिघाड शोधण्याचे मिळत नाहीत. दोन तास मीटर घेऊन बसलेल्या आणि शेवटी एक बोल्ट घासून घट्ट केलेल्या मेस्त्रीला गिऱ्हाईक शंभर रुपये द्यायला कुरकुरतं. तेच आठ हजारांचा पार्ट टाकलेल्याला बिनतक्रार मजुरी देतं. मग मेस्त्री पार्ट टाकेल नाही तर काय करेल? त्याला प्रामाणिकपणाचे धडे देऊन उपयोग नाही. शोधण्याची मजुरी ठरवून, तोंडावर सांगून, बिलावर वेगळी लिहून घ्यायची सवय दोन्ही बाजूंना लागली पाहिजे.

म्हणून हे पुस्तक जितकं मेस्त्रीसाठी आहे तितकंच मालकासाठी. गाडी गॅरेजात पाठवाल तेव्हा पोराच्या हाती किल्ली देऊन मोकळे होऊ नका. बंद पडली तेव्हा स्टिअरिंगवर जो होता त्यालाच पाठवा, त्याला बोलू द्या, आणि मेस्त्रीनं विचारण्यात आणि मोजण्यात घालवलेल्या तासाचे पैसे पार्ट न बदलताही द्या.